प्लॉट घेण्याआधी माणसं मोजा

यवतमाळहून दारव्ह्याकडे जाताना बोरी अरब लागतं. दारव्हा तालुक्यातलं हे गाव कापूस, सोयाबीन आणि तुरीवर जगतं. इथल्या कितीतरी घरांत आज एकच प्रश्न चर्चेला असतो. मुलगा पुण्यात नोकरीला लागला, चार पैसे शिल्लक पडू लागले, ते आता कुठे घालायचे? यवतमाळच्या एखाद्या ले-आउटमध्ये प्लॉट घ्यावा, पुण्यात फ्लॅट बुक करावा, की धुऱ्याला लागून असलेलं शेजारचं वावर विकत घ्यावं? सल्ला देणारे पुष्कळ भेटतात आणि बहुतेकांचा आधार एकच असतो : माणसं वाढत आहेत, जमीन काही वाढत नाही, तेव्हा भाव चढणारच.

हे म्हणणं अर्धंच खरं आहे. माणसं वाढूनही भाव जागच्या जागी राहिलेली शहरं आहेत आणि माणसं कमी होऊनही भाव आकाशाला भिडलेली शहरं आहेत. मधला सांधा समजून घेतला नाही, तर आयुष्यभराची शिल्लक चुकीच्या जागी अडकते. म्हणून लोकसंख्या आणि स्थलांतर यांतून भाव कसा बनतो, ते एकेक पायरी करून पाहू.

पायरी पहिली : वाढ आली कुठून?

कोणत्याही गावाची लोकसंख्या चार गोष्टींनी बदलते : जन्म, मृत्यू, बाहेरून आलेले आणि बाहेर गेलेले. घरांच्या बाजारासाठी या चारींचं वजन सारखं नाही. आज जन्मलेलं मूल पंचवीसेक वर्षं आईबापाच्या छपराखाली राहतं, स्वतंत्र घर मागत नाही. बाहेरून आलेला माणूस मात्र एसटीतून उतरल्या दिवशीच निवारा शोधू लागतो. म्हणून जन्मांनी झालेली वाढ बाजारात उशिरा आणि हळूहळू जाणवते, तर स्थलांतराने झालेली वाढ लगेच दिसते.

जनगणनेचे आकडे पाहू. २००१ ते २०११ या दशकात महाराष्ट्राची लोकसंख्या सुमारे १६ टक्क्यांनी वाढली. यवतमाळ जिल्हा २४ लाख ५८ हजारांवरून २७ लाख ७२ हजारांवर गेला, म्हणजे वाढ १२.८ टक्के. पुणे जिल्हा ७२ लाख ३३ हजारांवरून ९४ लाख २९ हजारांवर पोहोचला, वाढ ३० टक्क्यांहून जास्त. ठाणे जिल्ह्याची वाढ ३६ टक्के होती. पुण्यातल्या बायकांना काही यवतमाळपेक्षा दुप्पट मुलं होत नाहीत. यवतमाळपेक्षा जास्तीची बहुतेक वाढ बाहेरून आलेल्यांची आहे, आणि त्यात आपल्या भागातली मुलंही आहेत.

दुसऱ्या टोकाला कोकण आहे. त्याच दशकात रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या जवळपास ५ टक्क्यांनी आणि सिंधुदुर्गाची २ टक्क्यांनी घटली. मुलं तिथेही जन्मली, पण जाणारे त्याहून अधिक होते.

एक गोष्ट ध्यानात ठेवावी. २०२१ची जनगणना झालीच नाही आणि पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. तोवर कुणी ‘शहराची लोकसंख्या इतकी झाली’ असं छातीठोक सांगत असेल, तर तो अंदाज समजावा.

पायरी दुसरी : आलं कोण आणि किती दिवसांसाठी?

२०११च्या जनगणनेनुसार देशात सुमारे ४५ कोटी लोक स्थलांतरित होते. आकडा ऐकून छाती दडपते, पण जनगणनेत आधीचं राहण्याचं ठिकाण वेगळं असलेला प्रत्येक जण स्थलांतरित धरला जातो. त्यामुळे त्यात सर्वांत मोठा वाटा लग्न होऊन सासरी गेलेल्या मुलींचा आहे. दिग्रसची मुलगी बोरी अरबला नांदायला आली, की तीही या आकड्यात येते. तिच्यामुळे गावात नवं घर उभं राहतंच असं नाही.

खरी मागणी समजायची, तर येणाऱ्यांचे प्रकार वेगळे करावे लागतात. ऊसतोडीला जाणारी कुटुंबं हंगामापुरती जातात, फडाजवळ कोपी घालतात आणि परततात. त्यांच्या घामावर कारखाने चालतात, पण तिथल्या घरांच्या भावाला त्यांचा हात लागत नाही. स्पर्धा परीक्षेसाठी पुण्याच्या सदाशिव पेठेत गेलेला मुलगा कॉट बेसिसवर राहतो. त्याच्यामुळे जुन्या वाड्यांतल्या खोल्या, मेस आणि अभ्यासिका चालतात, फ्लॅट विकला जात नाही. कंपनीत लागलेली मुलं तिघं-चौघं मिळून वाकड किंवा खराडीला भाड्याने फ्लॅट घेतात, त्यामुळे भाडं चढतं. पुढे लग्न होतं, मूल शाळेच्या वयाचं होतं, आणि मग तोच माणूस कर्ज काढून स्वतःच्या घराकडे वळतो. भाड्याची मागणी आणि विकत घेण्याची मागणी यांत असा काही वर्षांचा अवकाश असतो.

म्हणून शहरात किती लोक आले, याच्याइतकंच महत्त्वाचं असतं ते त्यांच्यातले किती मुक्काम टाकणार आहेत.

पायरी तिसरी : कशासाठी आले?

माणूस शहराकडे जातो म्हणतात, पण खरं तर तो कामाकडे जातो. पिंपरी-चिंचवडचं उदाहरण बोलकं आहे. १९५४ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना आला, साठच्या दशकात टेल्को आणि बजाज ऑटो आले. कामगार आले, त्यांच्यामागे दुकानं, शाळा, दवाखाने आले. १९८२ साली तिथे महानगरपालिका झाली. पुढे हिंजवडीला एमआयडीसीचं आयटी पार्क उभं राहिलं आणि पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या २००१मधल्या १० लाखांवरून २०११मध्ये १७ लाखांवर गेली. कारखाना आधी, माणूस नंतर आणि घराचा भाव त्याच्याही नंतर, असा तो क्रम होता.

आपल्याकडेही हा क्रम जुना आहे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे दिवस आले. १८६७ साली रेल्वे नागपूरपर्यंत पोहोचली. जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने निघाले, व्यापारी आणि मजूर आले, बाजारपेठा फुगल्या. किलिक निक्सन कंपनीची शकुंतला रेल्वे मूर्तिजापूरहून कारंजा-दारव्हा मार्गे यवतमाळला आली, तीही कापसाच्या गाठींसाठीच. पुढे तो ओघ आटला, आणि त्या रुळांवर आता गाडी धावत नाही. एकाच पिकावर किंवा एकाच धंद्यावर उभी राहिलेली गावं त्या धंद्याबरोबर चढतात आणि त्याच्याबरोबरच उतरतात.

अमेरिकेतलं डेट्रॉईट हे याचं जगातलं ठसठशीत उदाहरण. मोटारींच्या कारखान्यांचं हे शहर. १९५० साली इथे साडेअठरा लाख लोक होते. २०२० साली उरले ६ लाख ३९ हजार. कारखाने बाहेर गेले, बंद पडले, पैसेवाली कुटुंबं उपनगरांत गेली आणि २०१३मध्ये शहराच्या पालिकेने दिवाळखोरी जाहीर केली. माणसं गेली तरी घरं जागेवरच राहतात. विटा-सिमेंट परत गुंडाळून नेता येत नाही. त्यामुळे वाढत्या शहरात भाव टप्प्याटप्प्याने चढतो, पण ओसरत्या शहरात तो बांधकामाच्या खर्चाच्याही खाली जाऊ शकतो. घर बांधायला जेवढा खर्च येतो तेवढी किंमत तरी मिळेलच, हा भरवसा तिथे खोटा ठरला.

पायरी चौथी : नवी घरं किती लवकर उभी राहतात?

आता एक कोडं. २००१ ते २०११ या दहा वर्षांत मुंबई शहर जिल्ह्याची, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतच्या भागाची, लोकसंख्या साडेसात टक्क्यांनी घटली. ३३ लाख ३८ हजारांवरून ती ३० लाख ८५ हजारांवर आली. डेट्रॉईटच्या न्यायाने तिथले भाव पडायला हवे होते. ते तर चढतच गेले.

दोन्ही शहरांत गिरण्या-कारखाने बंद पडले होते. फरक पुढे पडला. १९८२च्या संपानंतर मुंबईच्या कापडगिरण्या एकेक करून थांबल्या. गिरणगावातला कामगार ठाणे, कल्याण, वसई-विरारकडे सरकला किंवा गावी परतला. पण रिकाम्या झालेल्या जमिनींवर बँका, विमा, माध्यमं यांची कार्यालयं आणि टॉवर आले. चाळीच्या ज्या एका खोलीत आठ-दहा माणसं राहत, तिथे पुढे तीन माणसांचं कुटुंब मोठ्या फ्लॅटमध्ये राहू लागलं. डोकी कमी झाली, पण प्रत्येकाच्या हातातला पैसा वाढला, आणि तीन बाजूंनी समुद्र असल्याने जागा वाढणं शक्य नव्हतं. डेट्रॉईटला जागा मुबलक होती आणि गेलेल्या कामाच्या जागी त्या तोलाचं दुसरं काम आलं नाही.

याच्या उलट टेक्सासमध्ये पाहा. डॅलसजवळच्या फ्रिस्को गावात २००० साली जेमतेम ३४ हजार लोक होते, २०२० साली ते दोन लाखांवर गेले. तिथे भारतीय कुटुंबं मोठ्या संख्येने आहेत, त्यांत मराठीही आहेत. पण सभोवती सपाट, मोकळी जमीन असल्यामुळे माणसं येतील तशी घरंही उभी राहत गेली. त्याच राज्यातल्या ऑस्टिनमध्ये कोरोनाच्या काळात लोकांची रीघ लागली, भाडी भडकली, ते पाहून बिल्डरांनी प्रचंड बांधकाम काढलं, आणि नवी घरं तयार झाल्यावर भाडी उतरली. लोक येतच होते, तरी उतरली.  

यवतमाळची गत मुंबईपेक्षा फ्रिस्कोच्या जवळची आहे. २०११च्या जनगणनेत यवतमाळ नगरपरिषदेच्या तेव्हाच्या हद्दीत सुमारे १ लाख १६ हजार लोक होते, दहा वर्षांपूर्वीही आकडा साधारण तेवढाच होता. शहर मात्र डोळ्यांदेखत पसरत होतं, कारण वाढ वाघापूर, उमरसरा, लोहारा, वडगाव या लगतच्या गावांत होत होती. ती गावं पुढे नगरपरिषदेत आली. ज्या शहराला चारही बाजूंनी वावरं आहेत, तिथे एका ले-आउटचा भाव चढला की पलीकडचा शेतकरी आपलं वावर अकृषक करून दुसरा ले-आउट काढतो. मागणी वाढते तसा मालही वाढतो, आणि पहिल्या प्लॉटवाल्याला वाटतं तेवढा भाव मिळत नाही.

पायरी पाचवी : बातमीचा भाव

जमिनीच्या भावात आजच्या माणसांबरोबर उद्या येणाऱ्या माणसांची आशाही मिसळलेली असते. रस्ता, रेल्वे, कॉलेज, एमआयडीसी यांची घोषणा झाली, की एकही नवा माणूस येण्याआधी भाव उडी मारतो.

वर्धा-यवतमाळ-पुसद-नांदेड रेल्वेमार्ग आपल्या सगळ्यांच्या जिव्हाळ्याचा. सुमारे २८४ किलोमीटरचा हा मार्ग २००८-०९मध्ये मंजूर झाला. दारव्हा, दिग्रस, पुसद हे टापू त्यावर आहेत. वर्धा ते कळंब या पहिल्या टप्प्यावर गाडी धावली ती फेब्रुवारी २०२४मध्ये. समजा, कुणी २००९ साली या रेल्वेच्या भरवशावर ३ लाखांचा प्लॉट घेतला. तेच पैसे ७ टक्के व्याजाने ठेवले असते, तर पंधरा वर्षांत सव्वाआठ लाखांच्या घरात गेले असते. म्हणजे २०२४ साली प्लॉट सव्वाआठ लाखांना विकला गेला, तरी त्याची कमाई ठेवीएवढीच. तो ‘तीनाचे आठ झाले’ म्हणून आनंदात असेल, पण बातमी खरी ठरूनही उशिराने त्याचा नफा खाल्लेला असेल.

समृद्धी महामार्गाचं वेळापत्रक वेगळं होतं. नागपूर ते शिर्डी हा टप्पा डिसेंबर २०२२मध्ये खुला झाला आणि ७०१ किलोमीटरचा पूर्ण रस्ता जून २०२५मध्ये. आपल्याला त्यावर जायला कारंजा जवळ पडतं. पण अशा वेगवान रस्त्याला मधली गावं चढण्या-उतरण्याच्या ठिकाणीच भेटतात. तिथे गोदामं, प्रक्रिया उद्योग, नोकऱ्या येतील, तरच माणसं थांबतील. नाहीतर गाड्या भरधाव निघून जातील आणि कुंपणालगतचा प्लॉट नुसता रस्त्याकडे पाहत राहील. यवतमाळमधून आखलेल्या शक्तिपीठ महामार्गाच्या नावाने कुणी प्लॉट विकायला आला, तर हाच हिशेब मांडावा : काम कुठलं येणार, किती माणसांना मिळणार, केव्हा?

पायरी सहावी : भाड्याच्या तराजूवर तोलावं

राहायला घर घेणं आणि गुंतवणूक म्हणून घेणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्वतः राहणाऱ्याला घर निवारा देतं, त्याचा हिशेब नुसत्या पैशांत होत नाही. गुंतवणूकदाराने मात्र भाडं पाहावं, कारण त्या जागी माणसाला आज खरोखर किती गरज आहे, ते भाडं सांगतं.

समजा, पुण्याच्या कडेला ६० लाखांचा फ्लॅट आहे आणि महिना १८ हजार भाडं येतं. वर्षाचे २ लाख १६ हजार. त्यातून एक महिना रिकामा गेल्याचे १८ हजार आणि देखभाल, सोसायटी, कर यांचे ३६ हजार वजा केले, तर उरतात १ लाख ६२ हजार. म्हणजे ६० लाखांवर २.७ टक्के. आता ४८ लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी काढलं, तर महिन्याचा हप्ता साधारण ४१,६५० रुपये. भाडं १८ हजार, हप्ता साडेएकेचाळीस हजारांवर, आणि मधलं अंतर दर महिन्याला पगारातून भरायचं. हा सौदा तरून जायचा, तर फ्लॅटचा भाव वर्षानुवर्षं चांगला चढत राहिला पाहिजे. म्हणजेच त्या टापूत काम टिकलं पाहिजे, माणसं येत राहिली पाहिजेत आणि शेजारी नव्या इमारतींचं जंगल उठता कामा नये. तिन्ही गोष्टी एकदम हव्यात.

दुसरीकडे, २०११च्या जनगणनेत देशाच्या शहरांत एक कोटीहून अधिक घरं रिकामी आढळली होती. घरांची टंचाई आणि बंद घरं एकाच शहरात नांदतात, कारण गरज ज्याला आहे त्याला परवडत नाही आणि ज्याला परवडतं त्याच्याकडे घर आधीच असतं.

ज्या गावातून माणसं जातात, तिथे काय होतं?

आतापर्यंत येणाऱ्यांचं बोललो, पण बोरी अरबसारख्या गावाला जाणाऱ्यांचा हिशेब जास्त जवळचा आहे. मुलगा गेला की आधी पैसा परत येतो : मातीच्या घराला स्लॅब पडतो, बोअर होतो, बहिणीचं लग्न होतं. मग पैसा शहरातच मुरू लागतो, कारण तिथे हप्ता सुरू झालेला असतो. शेवटी वावर ठेक्याने दिलं जातं आणि घराला कुलूप लागतं, ते दिवाळीला किंवा तेराव्याला उघडण्यापुरतं. कोकणाने हा प्रवास आपल्याआधी केला आहे.

म्हणूनच शहरातल्या प्लॉटसाठी वावर विकायचा विचार मनात आला, तर दहा वेळा थांबावं. महाराष्ट्रात शेतजमीन विकत घ्यायला खरेदीदार शेतकरी असावा लागतो. वावर एकदा सगळं गेलं आणि सातबाऱ्यावरून घराण्याचं नाव उतरलं, की परत शेती घेणं कायद्यानेही अवघड होतं. मुलगा परदेशात असेल, तर हे आणखी महत्त्वाचं. अनिवासी भारतीयाला इथे घर किंवा फ्लॅट घेता येतो, शेतजमीन विकत घेता येत नाही, पण वडिलोपार्जित शेती वारशाने मिळाली तर ती ठेवता येते.

जमीन हातून न जाऊ देताही शहराच्या वाढीत वाटा घेता येतो, हे हडपसरजवळच्या मगरपट्ट्याने दाखवलं. पुणे शहर वावरांपर्यंत येऊन ठेपलं, तेव्हा तिथल्या सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी बिल्डरला तुकडे विकले नाहीत. त्यांनी चारशेहून अधिक एकर एकत्र केले, कंपनी काढली आणि जमिनीच्या प्रमाणात तिचे भागधारक झाले. यवतमाळच्या किंवा दारव्ह्याच्या कडेला ज्यांची वावरं आहेत, त्यांनी हा दाखला नीट अभ्यासावा. लहान प्रमाणात का होईना, चार धुऱ्यांचे मालक एकत्र बसू शकतात.

इसार देण्याआधी

कागद आधी. सातबारा, फेरफार आणि अकृषक आदेश स्वतः पाहावेत, मंजूर ले-आउटचा नकाशा मागावा, मोजणी करून घ्यावी. एक-दोन गुंठ्यांच्या तुकड्यांवर १९४७च्या तुकडेबंदी कायद्याची बंधनं आहेत. नियम वेळोवेळी शिथिल झाले असले, तरी सामाईक सातबाऱ्यावर नुसतं नाव चढवून घेणं धोक्याचंच. २०१७पासून रेरा कायद्याने ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या आणि आठपेक्षा जास्त सदनिकांच्या प्रकल्पाची नोंदणी सक्तीची आहे, प्लॉटच्या प्रकल्पांनाही ती लागू आहे. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचा क्रमांक घालून पाहायला पाच मिनिटं पुरतात. करारनामा नोंदवण्याआधी किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम मागता येत नाही, हेही लक्षात असू द्यावं.

कागद नीट असले, की मग माणसं पाहावीत. विकणारा तुम्हाला दिवसा गाडीत बसवून नेईल. तुम्ही पुन्हा एकदा, एकटे, रात्री आठला जा. किती घरांत दिवे आहेत, ते मोजा. किती दारांपुढे चपला आहेत, दोरीवर कपडे वाळत आहेत का, ते बघा. किराणा दुकानदाराला विचारा की त्याचं दूध रोज किती लिटर खपतं आणि तीन वर्षांपूर्वी किती खपायचं. जवळच्या शाळेत पहिलीच्या तुकड्या वाढल्या की घटल्या, ते विचारा. नळाला पाणी येतं की टँकर लागतो, तेही पाहा. जनगणना दहा वर्षांतून एकदा होते, हा दुकानदार आणि ही शाळा ती रोज करत असतात.

आणि तोच हिशेब परतल्यावर आपल्या गल्लीतही करावा. बोरी अरबला रात्री आठला किती घरांत उजेड आहे? आपल्या घरात पुढच्या दहा वर्षांत कोण राहणार आहे? शिल्लक कुठे घालायची, याचं उत्तर या दुसऱ्या मोजणीतून निघतं. जिथे आपलं माणूस खरोखर मुक्काम टाकणार आहे, तिथे घेतलेलं घर भाव चढो वा न चढो, वाया जात नाही.